टिश्यूचा डबा कुठे ठेवायचा

त्या खोलीतली काच मीच बसवली होती. मोठ्या हॉस्पिटलला लागून शिकवणीचे वर्ग बांधले, तेव्हा खिडक्यांचं सगळं काम माझ्याकडे होतं. शेवटी एक वेगळी काच आली, एका बाजूने आरसा आणि दुसऱ्या बाजूने साधी. ज्या खोलीत उजेड असतो तिथल्या माणसाला आरसा दिसतो, आणि मागच्या अंधाऱ्या खोलीत बसलेल्याला पुढचं सगळं दिसतं. मागे कुणी चुकून दिवा लावला की बिंग फुटलं. म्हणून मी मागच्या खोलीच्या बटणावर चिकटपट्टी लावली आणि तिथल्या बाईंना सांगितलं, "ही काढू देऊ नका कुणाला."

बाई तिथे शिकवायच्या. डॉक्टर, नर्सेस आणि नवीन कौन्सेलर यांना त्या एकच गोष्ट शिकवायच्या: आईबापाकडून पोरांकडे येणाऱ्या आजाराबद्दल माणसाला सांगायचं कसं. मी काच पुसत होतो तेव्हा त्या म्हणाल्या, "इथे काय चालणार आहे ते विचारलं नाहीत तुम्ही."

"काच बसली की माझं काम संपलं," मी म्हणालो.

तरी त्यांनी सांगितलं. ऐकून मी फडकं खाली ठेवलं. म्हणालो, "बाई, हे तुम्ही फार उशिरा सुरू केलंत."

माझी बायको आदल्याच वर्षी गेली होती. तिला मेंदूचा आजार होता. सुरुवातीला हातातून ताटल्या पडायच्या. मग हातपाय आपोआप हलायला लागले, जीभ जड झाली, रस्त्यातून चालली की लोक म्हणायचे, "दिवसाढवळ्या चढवून आलीय." तिच्या बापालाही लोक बेवडा म्हणायचे. त्याने आयुष्यात थेंब घेतला नव्हता. आजाराचं नाव कळलं तेव्हा आम्ही हॉस्पिटलच्या बोळकांडीत उभे होतो. तरुण डॉक्टर होता, एका कानाला फोन. फोनवर हात ठेवून म्हणाला, "हा घराण्यातून येतो. औषध नाही. मुलं किती?"

"एक मुलगी."

"मग तिला पन्नास टक्के," असं म्हणून तो लिफ्टमध्ये शिरला.

मुलगी आईची पिशवी धरून शेजारीच उभी होती. तिला असं कळलं. बायकोने मला विचारलं, "पन्नास टक्के म्हणजे काय हो? अर्धी माझ्यासारखी होणार का ही?" मलाही सांगता आलं नाही. पुढे कितीतरी दिवस आम्ही दोघं तेच समजून चाललो होतो, की अर्धा आजार होईल, म्हणजे चालण्याबोलण्यापुरती तरी राहील. खरं म्हणजे तसं नसतं. नाणं उडवल्यासारखं असतं. पूर्ण आजार, नाहीतर काहीच नाही.

बायको पुढे बरीच वर्षं जगली. शेवटी पलंगावरून पडू नये म्हणून तिला चादरीने बांधून ठेवावं लागायचं. मला चावायची. मला ओळखत होती की नाही कोण जाणे, पण शिव्या मात्र बरोबर मलाच द्यायची. गेली त्या दिवशी स्ट्रेचर दारातून वळेना, म्हणून मी दाराच्या बिजागऱ्या सोडवून पान बाजूला काढलं. ती गेल्यावर पुन्हा बसवलं. नातेवाईक म्हणाले, केवढा खंबीर माणूस आहे. डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं, म्हणून म्हणाले.

हे सगळं मी बाईंना तिथेच सांगितलं. त्यांनी विचारलं, "आमच्या वर्गात याल का? पेशंटच्या नवऱ्याचं काम करायला."

त्यांचा एक अभ्यास चालू होता. निम्म्या विद्यार्थ्यांनी नाटकातल्या माणसांसमोर निकाल सांगायचा सराव करायचा, निम्म्यांनी माझ्यासारख्या भोगून झालेल्यांसमोर. पुढे खऱ्या पेशंटपुढे कोण बरं बोलतं ते बघायचं. अभ्यास संपेपर्यंत खोलीत काहीही बदलायचं नाही, हा नियम. खुर्च्या त्याच, तिपाई तीच, भिंतीवरच्या फळीवर टिश्यूचा डबा, बाईंच्या हातात घंटी. घंटी वाजेपर्यंत सोंग सोडायचं नाही, आणि घंटी वाजल्यावर पहिल्यांदा पेशंटने बोलायचं, की समोरचा कसा वाटला.

पहिल्याच दिवशी एका पोरीने मला अडखळत सांगितलं की तुमच्या पत्नीच्या तपासणीचा निकाल आला आहे आणि तो आपल्याला नको होता तसा आहे. मला माहीत होतं हे नाटक आहे. तरी माझे डोळे वाहायला लागले ते थांबेचनात. घंटी वाजली तरी थांबेनात. मागच्या खोलीत कुणीतरी खुर्ची सरकवली तेवढा आवाज आला. बाई म्हणाल्या, "बरे आहात ना? थांबूया का?"

मी म्हणालो, "नको. पुन्हा करू."

मला ते आवडायला लागलं. खोटं कशाला बोलू. घरी रडू यायचं नाही, तिथे खुर्चीत बसलं की यायचं. आणि दुसरं म्हणजे, त्या बोळकांडीतल्या डॉक्टरला मी काही बोलू शकलो नव्हतो, ते मला या पोरांना बोलता यायला लागलं. कुणी "दुर्दैवाने" म्हणालं की मी म्हणायचो, "दैवाला मध्ये घालू नको, तू सांग." कुणी घड्याळ बघितलं तर उठून दाराकडे जायचो आणि म्हणायचो, "तुझी गाडी चुकेल, जा तू." एक नर्स माझ्यासमोर रडायला लागली. मी तिला म्हणालो, "रडायचं असेल तर बाहेर जाऊन रड. इथे रडायचा हक्क माझा आहे." ती पुन्हा आलीच नाही. पोरं मला खडूस काका म्हणायला लागली. बाई म्हणायच्या, "काकांपुढे जो टिकला तो कुठेही टिकेल."

त्यात एक मुलगी होती. मी तिला खिडकी म्हणायचो. मनात काय चाललंय ते सगळं तिच्या तोंडावर दिसायचं. ती आत आली रे आली की मला निकाल कळायचा.

"खिडके, तोंड उघडायच्या आधीच फोडलास निकाल."

"कसा काय, काका? मी तर काहीच बोलले नाही."

"तो डबा. निकाल वाईट असला की तू आधीच फळीवरचा डबा काढून माझ्या हाताशी तिपाईवर ठेवतेस. चांगला असला की तिथेच असू देतेस. पेशंट काय आंधळा आहे?"

तिने डब्याकडे बघितलं आणि तिचं तोंड लाल झालं. म्हणाली, "मला वाटलं, रडायला लागलात तर उठून शोधावा लागू नये."

"आणि मानेवरची शीर. निकाल वाईट असला की उडते. आणि खालचा ओठ आत ओढतेस. आणि माझ्या हातांकडे बघतेस."

"एवढं सगळं?"

"चुलीवरचं दूधसुद्धा इतकं सांगून ऊतू जात नाही."

मागच्या खोलीतून हसण्याचा आवाज आला. तीही हसली. पण शिकली. दर खेपेला तिला आरशासमोर बसवून मी दाखवायचो, कुठे काय दिसतं ते. शीर दिसू नये म्हणून श्वास खालून घ्यायला लागली. ओठ सैल सोडायला शिकली. बघायचं ते माझ्या दोन भुवयांच्या मधे. पुढे पुढे मला निकाल ओळखता येईना. एकदा मी चांगला म्हणून धरला आणि वाईट निघाला. मी म्हणालो, "आता तू पास." बाईंना म्हणालो, "या डब्याचं काहीतरी करा, सगळीच पोरं तो हलवतात." बाई म्हणाल्या, "बरोबर आहे तुमचं. पण या खोलीत अभ्यास संपेपर्यंत हात लावता येणार नाही." मी म्हणालो, बरं.

माझी मुलगी केस कापते. सलूनमध्ये स्वतःची खुर्ची आहे तिची. मी वर्गात जातो हे तिला माहीत होतं, काय करतो ते माहीत नव्हतं. "शिकवतो" एवढंच मी सांगितलं होतं. एके दिवशी ती मला घ्यायला आली, तेव्हा कुणीतरी तिला मागच्या खोलीत नेऊन बसवलं. मी खुर्चीत होतो, तोंड ओंजळीत धरून रडत होतो. मी डोकं वर केलं तेवढ्यात मागे कुणीतरी चिकटपट्टी काढून बटण दाबलं असणार. आरशाची काच झाली. ओळीने पोरं बसली होती आणि कडेला माझी मुलगी उभी होती, खांद्याला पिशवी.

घरी जाताना ती म्हणाली, "आई गेली तेव्हा तुम्ही बिजागऱ्या काढत होता."

"स्ट्रेचर वळत नव्हतं."

"मी कुठे काय म्हणाले. चांगलं करता तुम्ही ते. अगदी खरं वाटतं."

"ते खरंच असतं, बाळ."

"हो का? मग रडू आठवड्याच्या आठवड्याला बरं येतं वेळेवर."



तिचं एका पोराशी जमलं होतं. बेकरीत भट्टीवर काम करायचा, घरी आला की अंगाला पावाचा वास यायचा. चांगला होता. लग्न कधी, म्हणून विचारायचा, आणि ती टाळायची. आणि मग सलूनमध्ये तिच्या हातून एका बाईच्या कानाला कात्री लागली. थोडंसं रक्त आलं. ती बाई काही बोललीसुद्धा नाही. पण मुलगी घरी आली ती हात समोर धरूनच. टेबलावर हात ठेवून बघत बसली.

"चुकून लागते कात्री," मी म्हणालो.

"आईच्याही ताटल्या चुकूनच पडायच्या." मग म्हणाली, "मी तपासणी करून घेते. नसेल तर लग्न करते, पोरं होऊ देते. असेल तर त्याला आजच मोकळं करते."

"तो तर म्हणतो, निकाल काहीही येवो."

"'काहीही येवो' म्हणतो, म्हणजे चांगलाच येणार असं धरून चाललाय. मी त्याला तुमच्यासारखं करून ठेवणार नाही, बाबा. चावून घेऊन वर शिव्या खायच्या, आणि बायको मेली की परक्या पोरींसमोर जाऊन रडायचं."

हे ती भांडून बोलली नाही. सरळ बोलली.

खिडकी तोपर्यंत पास होऊन हॉस्पिटलमध्ये कौन्सेलर म्हणून लागली होती. बाई म्हणाल्या, "तुमची ओळख आहे, दुसऱ्या कुणाकडे देते मी हे काम." मुलगीच म्हणाली, "नको, हीच चालेल. बाबांनी घासून काढलेली आहे." मला बरं वाटलं. खिडकीने तिला दोनदा बोलावून सगळं समजावलं, नाण्याचं, तपासणीचं, निकालानंतर काय काय होऊ शकतं ते. आणि हेही, की निकाल तुझा आहे, नको वाटलं तर शेवटच्या क्षणालाही उठून जाता येतं, आणि तुझ्या परवानगीशिवाय तो कुणालाही कळणार नाही, बापालाही नाही. मग रक्त घेतलं. मुलगी घरी येऊन म्हणाली, "बोळकांडीतल्या त्या डॉक्टरपेक्षा लाखपटीने बरी आहे तुमची खिडकी."

निकालाच्या दिवशी सोबत कुणालातरी आणा म्हणाले होते. बेकरीवाल्याला ती नको म्हणाली. मला म्हणाली, "तुम्ही चला. पण तिथे ते वर्गातलं काही करू नका."

"नाही करणार."

मी त्याआधी कधी खऱ्या खोलीत गेलो नव्हतो. आमची सरावाची खोली वेगळी, ही वेगळी. पण मांडणी तीच, तीन खुर्च्या आणि मध्ये टेबल नाही. खिडकी उठून उभी राहिली, मुलीला बसायला सांगितलं, मला सांगितलं. मी बसलो आणि बघितलं. मुलीच्या उजव्या हाताशी तिपाई होती. तिपाईवर टिश्यूचा डबा होता.

भिंतीवर फळी होती. फळी रिकामी होती.

मी शंभरदा तो डबा बघितला होता. त्याचा अर्थ मला माझ्या नावापेक्षा जास्त पाठ होता. आणि जे व्हायला नको तेच झालं. माझं तोंड वाकडं झालं आणि डोळे वाहायला लागले. मी ते करत नव्हतो. पण ज्या खुर्चीत बसून ते व्हायचं तशाच खुर्चीत मी बसलो होतो, आणि ते आपोआप झालं.

खिडकी म्हणाली, "तुमचा निकाल आला आहे. सांगण्याआधी शेवटचं विचारते. ऐकायचा आहे ना?"

मुलीने हो म्हणण्याआधी माझ्याकडे बघितलं. धीरासाठी बघितलं असेल. बघतच राहिली.

मग म्हणाली, "नाही. कळलं मला." आणि पिशवी खांद्याला लावून उठली.

"थांबा," खिडकी म्हणाली. "तुम्ही अजून काहीच ऐकलेलं नाही."

"बाबांनी ऐकलंय इतक्यांदा. त्यांना तोंड उघडायच्या आधीच कळतं. तुम्हीच सांगितलं होतंत मला." आणि ती गेली.

मी उठलो. मी म्हणालो, "डबा का ठेवलास मग तिथे? एवढं शिकवलं होतं."

खिडकी म्हणाली, "सगळ्याच खोल्यांत तिथे असतो, काका. निकाल चांगला असो, वाईट असो, नुसतं बोलायला आलेलं कुणी असो. तुम्हीच बाईंना म्हणाला होता की काहीतरी करा. सरावाच्या खोलीत हात लावता येत नव्हता, म्हणून त्यांनी खऱ्या खोल्यांत नियम केला. डबा कायम हाताशीच."

मी शेजारच्या खोलीत डोकावून बघितलं. तिपाईवर डबा. त्याच्या पलीकडच्या खोलीत बघितलं. तिपाईवर डबा. फरशी पुसणाऱ्या मावशी म्हणाल्या, "काय हवंय?"

परत येऊन मी म्हणालो, "म्हणजे निकाल चांगला आहे?"

"मी असं म्हणाले नाही."

"वाईट आहे?"

"असंही म्हणाले नाही. तो निकाल त्यांचा आहे."

ती माझ्या दोन भुवयांच्या मधे बघत होती.

त्याच दिवशी तिने मुलीला फोन केला. मी समोर बसलो होतो, मुलीने आवाज मोठा करून ठेवला. खिडकीने डब्याची सगळी हकिगत सांगितली आणि म्हणाली, "त्यावरून काहीही धरून बसू नका. या आणि माझ्याकडून ऐका. दुसरं कुणी सांगायला हवं असेल तर दुसरं कुणी."

मुलगी म्हणाली, "चांगला असता तर तुम्ही जिन्यातून पळत येऊन सांगितलं असतं."

"नसतं सांगितलं. तुम्ही नको म्हणालात. चांगला असता, वाईट असता, दोन्ही वेळेला मी असंच वागले असते."

"हो. असंच शिकवलंय तुम्हाला," असं म्हणून मुलीने फोन ठेवला.

मी तिला परोपरीने सांगितलं. माझं चुकलं, डब्याला काही अर्थ नव्हता, मी त्या तीनही खोल्या बघून आलो. ती शांतपणे ऐकायची आणि म्हणायची, "आता वर्गातलं बोलताय तुम्ही." बेकरीवाला आला. त्यालाही मी सांगितलं. तो तिच्यापुढे बसला आणि म्हणाला, "एकदा जाऊन ऐकून तरी ये. अर्धी आशा आहे."

"ती माझ्याकडे लहानपणापासून आहे. पन्नास टक्के. तिनेच जीव खाल्लाय माझा." मग म्हणाली, "तुला कसं कळणार. मी रोज सकाळी डोळे उघडले की नाणं उडवायची. आता उडवत नाही. झोप लागते मला. जा तू."

तो गेला. जाताना माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच त्याची भट्टी विझवली आहे. त्याचं काही चुकलं नाही. नंतर त्याने दुसरीकडे लग्न केलं. मुलगी त्याच्या होणाऱ्या बायकोचे केस कापायलासुद्धा नाही म्हणाली नाही.

अभ्यास संपला. बाईंचं म्हणणं खरं ठरलं, माझ्यासारख्यांसमोर सराव केलेले जास्त बरे निघाले. त्यांत खिडकी सगळ्यांत वर होती. दुसऱ्या हॉस्पिटलांतले पाहुणे बघायला येणार होते. बाई मला म्हणाल्या, "तुमची इच्छा नसेल तर नका येऊ. खरंच नका येऊ." मी म्हणालो, येतो. मी कशासाठी जात होतो ते त्यांना कळलं असावं.

आरशामागे पाहुणे बसले. पुढच्या खोलीत फक्त मी आणि खिडकी. ती बसली आणि म्हणाली, "तुमच्या पत्नीच्या तपासणीचा निकाल आला आहे. सांगण्याआधी एकदा विचारते. ऐकायचा आहे ना?"

इथे मी "हो" म्हणायचं असतं. मी म्हणालो, "बायकोचा नको. ती मेली. मुलीचा सांग."

तिने आरशाकडे बघितलं नाही, घंटीची वाट बघितली नाही. म्हणाली, "मुलीची तुम्हाला काळजी वाटते आहे."

"काळजी नाही. जीव जातोय."

"हं."

"तू वाचला आहेस तो. तुला माहीत आहे."

"तो निकाल त्यांचा आहे. त्यांना हवा असेल त्या दिवशी मी देईन."

"बोलू नको काही. नुसती मान हलव. मी कुणाला सांगणार नाही, तिलासुद्धा नाही. मला एकट्याला कळू दे."

मी तिच्या मानेकडे बघितलं, ओठाकडे बघितलं, डोळ्यांकडे बघितलं. मी कुठे कुठे बघणार ते तिला माहीत होतं. श्वास खालून येत होता. ओठ सैल होता.

"चांगला असता तर एव्हाना सांगितलं असतंस, नाही का?" मी म्हणालो.

"दोन्ही वेळेला मी हेच बोलले असते, काका."

सोंगात काका म्हणायचं नसतं. तेवढंच एक चुकलं तिचं, आणि त्यावरून काही कळत नव्हतं.

घंटी वाजली. आरशामागून टाळ्यांचा आवाज आला. पाहुण्यांना वाटलं, हेही ठरलेलंच आहे. बाई आत आल्या. त्यांना सगळं माहीत होतं. पण पाहुणे त्यांच्या मागोमाग आत आले होते, आणि नियम होता की पेशंटने आधी बोलायचं. त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं, "काका, कशी वाटली?"

मी म्हणालो, "चेहऱ्यावर काही दिसलं नाही."

पाहुण्यांपैकी एकाने ते लिहून घेतलं.

बाहेर आलो तर खिडकी बेसिनपाशी तोंड धूत होती. डोळे लाल होते. बाहेर जाऊन रड, हेही मीच शिकवलं होतं. एक क्षण मला वाटलं, कळलं, वाईटच आहे. मग वाटलं, चांगला निकाल असा कुजत पडलेला बघूनही कुणाला रडू येईल.  ती तोंड पुसून म्हणाली, "जाते, पेशंट बसलाय," आणि गेली.

त्या आठवड्यात मुलीने माझे केस कापले. पहिल्यापासून तीच कापते, घरीच, आरशासमोर खुर्ची ठेवून. मी मान खाली घातली होती, पण नजर आरशात तिच्या हातावर होती. कात्री कानापाशी आली. हात हलला का, नाही हलला. पुन्हा बघितलं.

"बघताय ना?" ती म्हणाली.

"नाही."

"बघा की. तुम्हाला कळतं यातलं." तिने कात्री धरलेला हात आरशासमोर धरला, सरळ, बोटं लांब करून. "सांगा. काय दिसतं?"

मी हाताकडे बघितलं. मग आरशात तिने माझ्याकडे बघितलं, तेव्हा मी श्वास खालून घेतला, ओठ सैल सोडला आणि तिच्या दोन भुवयांच्या मधे बघितलं.

ती थोडा वेळ बघत राहिली.

"म्हणजे दिसलं," ती म्हणाली, आणि माझं डोकं हाताने खाली दाबून पुन्हा कापायला लागली.